‘हाऊसफुल्ल’ दिसतंय, पण खरंच भरलंय का? तिकीट न मिळण्याच्या दुखण्यावर उपाय

आमच्या घरात तिकिटं काढायचं खातं कायमचं माझ्याकडे आहे. माहेरी होतं, सासरीही ते माझ्याच गळ्यात पडलं. मावशीला नाटक बघायचंय, दिराला वानखेडेवर मॅच, भाचीला कुठल्या तरी परदेशी बँडचा कार्यक्रम, भिशीच्या बायकांना सगळ्यांना मिळून चौदा खुर्च्या आणि त्याही एका रांगेत. त्यामुळे “अगं, मिळालीच नाहीत, संपली” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लगेच उलटा प्रश्न विचारते: संपली म्हणजे नेमकं काय झालं? नंबर येईपर्यंत संपली? पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही? ॲपवर सगळं राखाडी दिसलं? की विक्री सुरू झाली तेव्हाच मूठभर उरली होती? डॉक्टरकडे जाऊन नुसतं “बरं वाटत नाही” म्हटलं तर तो काय औषध देणार? इथेही तसंच आहे. प्रत्येक दुखण्याचा उपाय वेगळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की हमखास अंगलट येतं.

“बारा वाजता रांगेत होते, नंबर आला तेव्हा काहीच उरलं नव्हतं”

मोठ्या कॉन्सर्टचं हे नेहमीचं रडगाणं. २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारीत होणाऱ्या कोल्डप्ले या परदेशी बँडच्या कार्यक्रमांची तिकिटं खुली झाली, तेव्हा सव्वा कोटीहून जास्त लोक एकाच वेळी रांगेत आल्याचं सांगितलं गेलं. तिसरा कार्यक्रम वाढवल्यावर तिन्ही दिवसांच्या मिळून दीड-दोन लाख जागा धरा. एका खुर्चीमागे साठ ते ऐंशी माणसं. तुमचं वायफाय कितीही पळत असलं तरी हे गणित बदलत नाही. त्या दिवशी तिकीट मिळालं नाही म्हणून स्वतःला बोल लावत बसलेली माणसं मी पाहिलीत. लावू नका.

पण या रांगेबद्दल एक गैरसमज आहे, तो काढला पाहिजे. अशा विक्रीत आधी एक प्रतीक्षा-कक्ष असतो. अकरा वाजता जाऊन बसलेला आणि बारात पाच मिनिटं असताना आलेला, बहुतेक ठिकाणी दोघेही सारखेच. ठोक्याला सगळ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे नंबर वाटले जातात. बारानंतर येणारा मात्र त्या सगळ्यांच्या मागे. म्हणजे सकाळी सातपासून बसून डोळे लाल करायची गरज नाही, पण “बारालाच उघडू” हेही चुकीचं. दहा-पंधरा मिनिटं आधी आत शिरायचं आणि मग पान ताजं करायचा मोह आवरायचा. रांगेत असताना रिफ्रेश केलं की पुष्कळदा मिळालेला नंबर जातो. एकाच ब्राउझरमध्ये सहा टॅब उघडले तर सहा नंबर मिळत नाहीत, उलट यंत्र समजून बाहेर काढलं जाण्याची भीती.

नशीब एकापेक्षा जास्त वेळा आजमावायचं तर माणसं वाढवायची. घरातल्या चौघांनी आपापल्या खात्यावरून, आपापल्या फोनवर, शक्यतो आपापल्या मोबाइल डेटावर बसायचं. आणि आधीच ठरवायचं: ज्याचं तिकीट निघेल त्याने ताबडतोब गटावर “झालं” लिहायचं आणि बाकीच्यांनी हात वर करायचे. हे न ठरवता आम्ही एकदा आठऐवजी बारा तिकिटं काढून बसलो होतो. उरलेली चार खपवण्यात जो आठवडा गेला तो आठवला की अजून पोटात गोळा येतो.

आदल्या रात्रीची तयारी कंटाळवाणी आहे, पण खरी लढाई तिथेच असते. लॉगिन करून ठेवा, मोबाइल आणि ईमेल पडताळून घ्या, पत्ता भरा. स्टेडियमचा नकाशा बघून पहिली, दुसरी, तिसरी पसंती कागदावर लिहा, कारण नंबर आल्यावर “साडेबाराशे जास्तीचे द्यायचे का गं?” अशी चर्चा करायला वेळ नसतो. चारऐवजी दोन-दोन काढायची तयारी ठेवा. फोनचा पडदा आपोआप बंद होणार नाही असं करा. आणि एका वेळी किती तिकिटांची मर्यादा आहे तेही आधीच वाचा.

आता महत्त्वाचं. नकाशावर सगळं राखाडी दिसलं म्हणून लगेच उठू नका. कोणी खुर्ची निवडली की ती काही मिनिटांसाठी त्याच्या नावावर अडकते. पैसे भरले तर गेली. ओटीपी आला नाही, कार्ड नाकारलं गेलं, नवऱ्याला विचारून येते म्हणाली, तर वेळ संपताच ती खुर्ची परत बाजारात येते. विक्री उघडल्यावर साधारण आठव्या मिनिटापासून पंचविसाव्या मिनिटापर्यंत हे सारखं चालू असतं. मी एकदा बारा वाजून सात मिनिटांनी सगळा नकाशा करडा बघून चहा टाकायला उठले होते. भाची तशीच बसून राहिली. बारा-अकराला एका कोपऱ्यात दोन ठिपके हिरवे झाले, तिने दाबले, तेवढ्यात गेले. बारा-चौदाला परत दोन, यावेळी मधल्या भागात. चहा उकळायच्या आत तिकिटं हातात. तेव्हापासून नियम असा: पहिला अर्धा तास हलायचं नाही.

आणि अर्ध्या तासानंतरही गोष्ट संपत नाही. मंच, कॅमेरे, आवाजाची यंत्रणा कुठे लागणार हे ठरेपर्यंत आयोजक काही जागा बाजूला ठेवतात. ते नक्की झालं की त्यातल्या उरलेल्या शेवटच्या दिवसांत गुपचूप विक्रीला येतात. कोल्डप्लेच्याच वेळी नोव्हेंबरात दोन हजार रुपयांची ‘इन्फिनिटी’ तिकिटं आली होती. जोडीनेच घ्यायची, आणि जागा कुठली ते आधी कळणार नाही अशी अट. सप्टेंबरात लाखांच्या गप्पा ऐकून ज्यांनी नाद सोडला होता, त्यातल्या कित्येकांना हे कळलंही नाही. म्हणून आयोजकांच्या पानाची सूचना चालू ठेवा आणि कार्यक्रमाआधीचे दहा दिवस रोज एकदा डोकावा. मी दात घासताना बघते.

“पैसे गेले, तिकीट आलं नाही”

याच दुखण्यात लोक सगळ्यात जास्त चुका करतात, मीही केली. एका साइटवर नाटकाची सहा तिकिटं काढत होते. पैसे कापल्याचा मेसेज आला आणि पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं. मग “काहीतरी चुकलं”. मी घाबरून दुसऱ्या सहा खुर्च्या काढल्या. वीस मिनिटांनी पहिली सहाही पक्की झाल्याचा मेसेज! बारा तिकिटांची दुसरी गोष्ट ती हीच.

तर आधी हातावर हात धरून बसा, पंधरा मिनिटं. तेवढ्यात तीन गोष्टी बघा: ॲपमधली तुमच्या बुकिंगची यादी, ईमेलचा स्पॅम आणि खुद्द खुर्च्यांचा नकाशा. तुम्ही निवडलेल्या खुर्च्या वीस मिनिटांनंतरही राखाडीच असतील तर बुकिंग बहुधा झालेलं आहे, फक्त निरोप पोचायचाय. त्या परत हिरव्या झाल्या तर बुकिंग झालं नाही. मग खुशाल दुसऱ्यांदा काढा.

पैसे परत यायचं काय? याबद्दल रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. खात्यातून पैसे गेले आणि विकणाऱ्याकडे पुष्टी पोचली नाही, तर यूपीआय असो वा कार्ड, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. हे वाक्य बँकेच्या माणसाला शांतपणे ऐकवलं की आवाजाचा सूर बदलतो, हा माझा अनुभव. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक ॲपमध्ये असतो, तो लिहून ठेवा आणि तिथूनच तक्रार नोंदवा. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. विकणाराच टोलवाटोलवी करत असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

एक गोष्ट मात्र करू नका: घाईघाईने ‘अमुक कस्टमर केअर नंबर’ असं शोधून वर दिसलेल्या पहिल्या नंबरवर फोन. तो नंबर कोणाचा असेल याचा भरवसा नसतो. तो गोड बोलून म्हणतो, “मॅडम, रिफंडसाठी एक लिंक पाठवतो, पिन टाका.” पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसलाच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. नंबर घ्यायचा तो ॲपच्या आतून.

पैसे अडकण्याची काही कारणं आपल्याच घरात असतात. नवा फोन घेतलात आणि त्यावर यूपीआय नव्याने चालू केलंत, तर पहिले चोवीस तास ५,००० रुपयांची मर्यादा असते. विक्री रविवारी आणि फोन शनिवारी रात्री, असं आमच्या दिराने केलं होतं. तसंच, नव्या कार्डावर ऑनलाइन खरेदी मुळात बंदच असते, ती बँकेच्या ॲपमधून चालू करावी लागते. ज्या नंबरवर ओटीपी येतो ते सिम तुमच्याच हातातल्या फोनमध्ये आहे ना, हेही बघा. आमच्या शेजारी काकांचं कार्ड, ओटीपी त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाला जायचा. तिकडे रात्रीचे अडीच.

“नाटकाचं ॲपवर सगळं राखाडी दिसतंय”

हे माझं आवडतं दुखणं, कारण बहुतेक वेळा ते बरं होतं.

मराठी नाटकाचं तिकीट अजूनही दोन दारांनी विकलं जातं. एक ॲपचं दार. आता त्यात नाटकांसाठीच निघालेलं तिकिटालयसारखं ॲपही आहे. दुसरं दार नाट्यगृहाच्या खिडकीचं. अनेकदा काही खुर्च्या ऑनलाइनला आणि काही खिडकीला अशी वाटणी असते. ॲपवर भरलेलं दिसलं म्हणजे ॲपच्या वाटणीचं संपलं, एवढंच.

एका शनिवारी आमच्या नाट्यगृहावर गेले. सकाळचे पावणेनऊ. रविवारी चारच्या प्रयोगाला ॲपवर एकही खुर्ची नव्हती. खिडकीत काका चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत होते.

“काका, उद्या दुपारची चार आहेत?”

“फोनवर बघून आलात ना?”

“हो, तिकडे फुल्ल आहे.”

“तिकडचं फुल्ल. इकडचं कुठे?” असं म्हणून त्यांनी समोरचा प्लॅनचा कागद माझ्याकडे फिरवला. निळ्या पेनाने फुल्या मारलेले चौकोन, मधे मधे कोरे. “चार एकत्र नाहीत. के मध्ये दोन, एल मध्ये त्यांच्या बरोब्बर मागे दोन. चालतील?”

न चालायला काय झालं! त्यांनी चारही चौकोनांवर फुल्या मारल्या आणि सुटे पैसे मागितले. निघताना मी आणखी दोघांसाठी विचारलं, तर म्हणाले, “उद्या सव्वातीनला या. पासाच्या सुटल्या तर देईन. पण दुसऱ्या घंटेपर्यंत थांबायची तयारी हवी.”

पासाच्या म्हणजे पाहुणे, पत्रकार, निर्मात्याची माणसं यांच्यासाठी राखलेल्या. सगळे येत नाहीत, आणि न आलेल्यांच्या खुर्च्या पुढच्या रांगांत असतात. प्रयोगाच्या आधी अर्धा-पाऊण तास खिडकीशी जाऊन उभं राहणाऱ्याला त्या मिळू शकतात. पूर्वी लोक हे सर्रास करायचे. आता सगळे फोनकडे बघतात, त्यामुळे खिडकीशी गर्दी कमी.

खिडकीच्या वेळा सांभाळा. बऱ्याच नाट्यगृहांवर सकाळी साधारण साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ अशी विक्री चालते, दुपारी खिडकी बंद. दुपारी दोनला जाऊन हात हलवत परत येणारे आणि मग “तिकीट मिळतच नाही” म्हणणारे, त्यांचं हे दुखणं नव्हे. प्लॅन, म्हणजे खुर्च्यांची विक्री, कोणत्या दिवशी उघडणार ते वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. आई अजूनही चष्मा लावून ते पान वाचते आणि ॲपच्या सूचनेआधी मला फोन करते.

दुसरा उपाय याहून सोपा. कॉन्सर्ट एकदाच होतो, नाटक फिरत असतं. दादरच्या शिवाजी मंदिरात रविवारची तिकिटं संपली तर तेच नाटक पुढच्या पंधरा दिवसांत ठाण्याच्या गडकरीला, वाशीच्या विष्णुदास भावेत, मुलुंडच्या कालिदासला, नाहीतर डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुलेत लागण्याची दाट शक्यता. पुण्यात बालगंधर्व भरलं तर कोथरूडचं यशवंतराव चव्हाण बघा. आपण मुंबईकर आपल्या लाइनीच्या बाहेर पडायला तयार नसतो, हे खरं दुखणं. पश्चिम रेल्वेवाला हार्बरवर नाटक बघायला जात नाही, जणू व्हिसा लागतो. जा. वाशीला गुरुवार-शुक्रवारी रात्रीचा प्रयोग असेल तर पाचव्या रांगेतही बसाल. फक्त रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉक कुठल्या लाइनीवर आहे ते बघा.

जाता जाता, नाटकाच्या पहिल्या रांगांचं तिकीट बऱ्याचदा नेमकं ५०० रुपयेच का असतं, असा प्रश्न कधी पडला? ५०० पर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. ५०१ केलं की लागतो. त्यामुळे पहिल्या रांगेचा आणि दहाव्या रांगेचा फरक दोन-तीनशेचाच राहतो. ॲपवर काढलं की वर कन्व्हीनियन्स फी. खिडकीवर ती नाही. चौदा जणींच्या भिशीला एवढ्यात मध्यंतराचे वडे निघतात.

शास्त्रीय संगीताचं एक ओळीत सांगते: सवाई गंधर्वला खुर्च्यांची तिकिटं शोधत फिरू नका, भारतीय बैठकीचं घ्या. सगळ्यात स्वस्त, आणि मांडी घालून बसायची सवय असेल तर ऐकायला तीच जागा बरी.

“मॅचची तिकिटं कधी आली आणि कधी गेली?”

इथे मात्र रोग जुनाट आहे, आणि खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. वानखेडेची क्षमता साधारण ३३,००० आहे. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक फायनलला त्यातली सामान्य माणसासाठी किती होती? जेमतेम ४,०००. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी, प्रायोजक, पाहुणे यांच्यात गेली. ऑनलाइन विक्रीला म्हणून जी हजारभर ठेवली होती, ती सुटताच साइट कोसळली. तेव्हा चर्चगेटला भल्या पहाटे रांग लावलेली माणसं आळशी नव्हती, त्यांच्यासाठी तिकिटंच नव्हती. गणित प्रत्येक मॅचला वेगळं असतं, पण ढाचा तोच.

म्हणून मॅचच्या बाबतीत वेग कामाला येत नाही, ओळख येते. ओळख म्हणजे वशिला नव्हे. मुंबई क्रिकेट असोसिएशनला संलग्न असलेले मैदानी क्लब शेकड्याने आहेत आणि त्यांना तिकिटं मिळतात. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, मुलाच्या कोचिंगमध्ये अशा क्लबचा एखादा सभासद निघतोच. त्याला मॅचच्या आदल्या दिवशी नव्हे, वेळापत्रक जाहीर झालं त्या आठवड्यात विचारा, आणि छापील किमतीचे पैसे लगेच द्या. दुसऱ्या वेळी तो स्वतःहून फोन करतो.

आयपीएलमध्ये यजमान संघच तिकिटं विकतो आणि काही संघ पैसे भरून सभासद झालेल्यांना आधी खिडकी उघडतात. वर्षाला दोन-तीन मॅच बघणार असाल तरच ते परवडतं. एक मॅच बघायची तर सोमवार-मंगळवारची आणि तळाच्या संघाविरुद्धची धरा. आयपीएलच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता. त्यामुळे गेल्या वेळचा आकडा मनात धरून बजेट काढू नका.

विश्वचषकासारख्या स्पर्धेत आणखी एक खोच असते. २०२३ मध्ये तिकीट ऑनलाइन काढलं तरी फोनवर दाखवून आत जाता येत नव्हतं. कागदी तिकीट काउंटरवरून घ्यावं लागायचं, नाहीतर कुरियरने. गेटवर जाऊन हे कळलेली माणसं होती. पुष्टीच्या ईमेलच्या तळाचा बारीक मजकूर आधीच वाचा. ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्याचं ओळखपत्रही लागू शकतं, म्हणजे तुम्ही काढून दिलेलं तिकीट घेऊन भाचा एकटा गेला तर अडेल.

आणि नुसतं क्रिकेट बघायचं असेल, गर्दी आणि डीजे नको असेल, तर रणजी बघा. बहुधा फुकट, हवं तिथे बसा, डबा न्यायला मिळतो का ते तेवढं गेटवर विचारा. आमच्या दिराला हे पटायला सहा वर्षं लागली.

“कोणीतरी जास्तीचं विकतंय, घेऊ का?”

शक्यतो नाही. का, ते सांगते.

पीडीएफ तिकीट ही झेरॉक्स आहे. एकच पीडीएफ पाच जणांना विकता येतं, गेटवर जो पहिला स्कॅन होईल तो आत, बाकीचे चौघे बाहेर. स्क्रीनशॉटचंही तेच. काही कार्यक्रमांना क्यूआर कोड ॲपमध्ये शेवटच्या दिवशीच दिसू लागतो आणि सारखा बदलत राहतो, तिथे स्क्रीनशॉट म्हणजे भिंतीवरचं चित्र. ॲपमधूनच एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर तिकीट वर्ग करायची सोय असेल, तर आणि तरच ओळखीच्या माणसाकडून घ्या. वर्ग झालेलं आपल्या खात्यात दिसल्यावर पैसे. “आधी अर्धे पाठवा” म्हणणारा दुसऱ्या अर्ध्यांसाठी थांबत नाही.

कोल्डप्लेच्या वेळी काही पुनर्विक्रीच्या साइटवर अडीच-साडेतीन हजारांची तिकिटं लाखाच्या घरात लावलेली दिसत होती. पोलिसांनी चौकशी केली, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. यावर कायदा करायचा तर तो विधिमंडळाचा प्रांत आहे, असं म्हणून. म्हणजे तूर्त तुमचं रक्षण तुम्हीच करायचं आहे. गंमत अशी की लाखाला लावलेली तिकिटं कार्यक्रम जवळ आला की घसरायला लागतात. विकणाऱ्याच्याही घरात चार तिकिटं पडून असतात आणि त्यांची रद्दी व्हायची तारीख ठरलेली असते. मी त्या चार तिकिटांच्या आठवड्यात हे आतून अनुभवलंय. छापील किमतीला देते म्हणूनही कोणी घेत नव्हतं, कारण प्रत्येकाला मी फसवी वाटत होते.

“मिळतायत, पण एकत्र नाहीत”

हे दुखणं आहे असं मी मानतच नाही, पण आमच्या घरात सर्वांत जास्त तिकिटं यानेच घालवलीत. भरलेल्या नकाशात शेवटी काय उरतं? सुट्या, एकट्या खुर्च्या. लोक जोडीने काढतात, मग कडेला एक राहते, मधे एक राहते, आणि ती कोणालाच नको असते. कॉन्सर्ट, नाटक, मॅच, तिन्हीकडे हेच. ॲपमध्ये तिकिटांचा आकडा चारवरून एकवर आणून बघा, ‘संपली’ लिहिलेल्या भागात चार-पाच ठिपके उगवतात. काही ॲप तर चार एकत्र नसतील तर सरळ नाहीच म्हणून सांगतात, त्यामुळे आकडा कमी करून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

गेल्या वेळी आम्ही सहा जणी होतो. खुर्च्या मिळाल्या पाच रांगांत पसरलेल्या. मावशी रुसली होती, “मी एकटी कशी बसू? कोणाशी बोलू?” म्हटलं, नाटकात बोलायचं नसतंच. तिची खुर्ची नेमकी चौथ्या रांगेतली, मधली. आम्ही बाकीच्या मागे विखुरलेल्या. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत शोधलं तर मावशी कुठे दिसेना. सापडली ती शेजारच्या खुर्चीतल्या बाईंबरोबर, दोघींच्या हातात कॉफी, आणि त्यांच्याकडे नाट्यगृहाच्या बुकिंगवाल्यांचा फोन नंबर होता. तो मावशीने लिहूनही घेतला होता, तिकिटाच्याच मागे.